हातची गेलेली दुनळी

चांगल्या कारागिराच्या हातची, वर्षानुवर्षे वापरलेली छर्ऱ्याची बंदूक विकल्यानंतर मालकाला लागणारी हळहळ हा इंग्लंड-अमेरिकेतील शिकारी आणि संग्राहक मंडळींचा जुना विषय आहे. घड्याळ, मोटार, कॅमेरा, सतार विकल्याचेही वाईट वाटते. मात्र बंदुकीच्या बाबतीत ते फार काळ टिकते आणि पुढे हातात चार पैसे आले तरी भरून निघत नाही. याचे कारण मालकाच्या हळवेपणात शोधण्याची घाई करू नये. बंदूक घडते कशी, माणसाच्या अंगाला बसते कशी, कोणत्या निमित्ताने घराबाहेर पडते आणि पुढे तिचे काय होते, एवढे पाहिले की बराचसा उलगडा होतो.

या प्रकारच्या बंदुकीचा पाया लंडनमध्ये जोसेफ मँटन (१७६६–१८३५) याने घातला. त्याच्या काळात बंदूक ठासणीची होती : नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे आणि गजाने ठासायचे. मँटनने तिला जे सडपातळ, तोललेले रूप दिले, ते आजतागायत फारसे बदललेले नाही. स्वतः मँटन १८२६ मध्ये दिवाळखोर झाला, पण त्याच्या कारखान्यात तयार झालेल्या माणसांनी पुढचे शतक गाजवले. जेम्स पर्डीने १८१४ मध्येच आपले दुकान थाटले होते. टॉमस बॉस आणि जोसेफ लँग हेही मँटनच्याच हाताखालचे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रान्सच्या लफोशो पद्धतीची, मधोमध मोडून मागून काडतूस भरायची बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि ठासणीचे दिवस भरले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील ॲन्सन आणि डीली यांनी बाहेरचे घोडे काढून टाकून सगळी यंत्रणा आत बसवली. १८८० मध्ये फ्रेडरिक बीझलीने आपोआप उघडणाऱ्या बंदुकीचे पेटंट घेऊन ते पर्डीला विकले. त्याच सुमारास नळीचे तोंड किंचित आवळून छर्ऱ्यांचा फैलाव आटोक्यात ठेवण्याची चोकची युक्ती डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने रूढ केली.

म्हणजे १८९० पर्यंत दुनळी बंदूक जवळजवळ पूर्ण झाली होती, आणि पस्ताव्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुना टाइपरायटर किंवा जुनी मोटार विकताना मालक स्वतःची समजूत घालू शकतो, की वस्तू कालबाह्य झाली होती, आज ना उद्या काढायचीच होती. १९०० साली बनलेल्या दुनळीबद्दल असे म्हणता येत नाही. पर्डी कंपनी आजही बीझलीच्याच रचनेवर बंदुका बनवते आणि नव्या जोडनळी बंदुकीला एक लाख पौंडांहून अधिक किंमत घेते. सव्वाशे वर्षांपूर्वीची बंदूक नीट राखलेली असेल, तर तेच काम तितक्याच सफाईने करते.

उत्तम प्रतीच्या लंडनी बंदुकीवर अनेक हात फिरतात. नळ्या घडवणारा वेगळा, यंत्रणा बसवणारा वेगळा, लाकूडकाम करणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. पोलादाचे दोन भाग एकमेकांत बसवताना कारागीर एका भागाला दिव्याची काजळी लावतो, दोन्ही भाग जुळवून पुन्हा वेगळे करतो आणि जिथे काजळी उमटली तिथे कानस फिरवतो. काजळीचा थर सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालते. या पद्धतीने बसवलेला भाग त्याच बंदुकीत बसतो. शेजारच्या, त्याच नमुन्याच्या बंदुकीतही तो बसेलच असे नाही. दस्त्यासाठी अक्रोडाच्या बुंध्यातले, मुळालगतचे लाकूड निवडतात, कारण तिथे रेषा दाट असते. त्यावर तेल चोळून चोळून जी झळाळी येते तिच्यात पुढे मालकाच्या हाताचा घामही मिसळतो. जुन्या नळ्यांमध्ये लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेल्या दमास्कस नळ्या असतात. त्यांच्यावरची लाटांसारखी नक्षी आज पुन्हा तयार करून देणारे हात जवळपास उरलेले नाहीत.

घडणीपेक्षाही मोठे कारण मापाचे आहे. रायफलने नेम धरतात. छर्ऱ्याची बंदूक उडत्या पाखराकडे नुसती रोखतात. तिला मागचा नेमदर्शक नसतो, त्याची जागा माणसाचा डोळा घेतो. म्हणून बंदूक खांद्याला लागताच डोळा नळ्यांच्या नेमक्या वर यायला हवा, आणि हे सर्वस्वी दस्त्याच्या मापांवर अवलंबून असते : चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी, गालाशी असलेला उतार आणि उजव्या किंवा डाव्या हाताच्या माणसासाठी दिलेला बाजूचा कल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनचे दुकानदार सांधे असलेली, मापे कमीजास्त करता येणारी चाचणी-बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देऊन ही मापे घेत आले आहेत. पाव इंचाचा फरकही चांगल्या नेमबाजाला जाणवतो. मापाची बंदूक काही वर्षे वापरली की माणूस तिचा विचार करणे सोडून देतो आणि फक्त पाखराकडे पाहतो. ती विकून दुसरी घेतली की पहिल्याच हंगामात कळते, की जे कौशल्य आपल्या हातात आहे असे वाटत होते, त्यातले बरेचसे त्या लाकडात होते.

याच मापामुळे वारशाचा घोटाळा होतो. उंच, लांब हातांच्या आजोबांसाठी बेतलेली बंदूक ठेंगण्या नातवाच्या खांद्याला लागत नाही. दस्ता कापला तर मूळ स्थिती बिघडते आणि किंमत उतरते. न कापला तर बंदूक कपाटात पडून राहते. शेवटी ती विकली जाते, आणि मग अर्ध्या किमतीत दस्ता बदलून घेता आला असता हे कोणीतरी सांगते.

अमेरिकेतली परिस्थिती थोडी वेगळी. तिथे पस्तावा श्रीमंतांपुरता नव्हता, कारण कारखान्यात बनलेल्या उत्तम बंदुका शेतकऱ्याच्या आणि गिरणीकामगाराच्याही घरात होत्या. कनेक्टिकटमधील मेरिडन येथील पार्कर बंधूंची दुनळी, फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स, एल. सी. स्मिथ ही त्यातली मानाची नावे. पार्कर कंपनी १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि दुसऱ्या महायुद्धात तिचे उत्पादन थांबले, ते कायमचे. फॉक्स १९२९ मध्ये सॅव्हेज कंपनीने घेतली. विंचेस्टरची मॉडेल १२ ही एकनळी, पुढचा दांडा मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक १९१२ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीस लाखांच्या आसपास बनली. तरीही ती विकल्याबद्दल हळहळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणजे दुर्मिळता हे पस्ताव्याचे कारण नव्हे. पोलादाचे भाग तासून घडवण्याचा खर्च परवडेना म्हणून ती बंद झाली आणि तिच्या जागी आलेल्या स्वस्त बंदुकीत तो घट्टपणा नव्हता. जॉन ब्राउनिंगची पाठीला कुबड असलेली ऑटो-५ हीसुद्धा अशीच. विंचेस्टरशी बिनसल्यावर ब्राउनिंग रेमिंग्टनच्या कचेरीत गेला, तर तिचे प्रमुख त्याच दिवशी, ८ जानेवारी १९०२ रोजी, हृदयविकाराने वारले; अखेर ही अमेरिकी बंदूक बेल्जियममध्ये बनू लागली. १९७० च्या दशकात उत्पादन जपानकडे गेले. जपानी बंदूक कामाला उणी नाही, पण बेल्जियमची देऊन जपानी घेतलेले लोक हे मान्य करायला तयार नसतात.

विक्रीची निमित्ते बहुधा साधी असतात. मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते, घटस्फोट, किंवा नव्या बंदुकीचा मोह. यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लक्षात घेण्याजोगी आहेत ती दोन निमित्ते, ज्यांत मालकाचा निर्णय पूर्णपणे त्याचा नव्हता.

पहिले शिशाचे. तळ्यांच्या गाळात पडलेले शिशाचे छर्रे गिळून पाणपक्षी विषबाधेने मरतात, हे स्पष्ट झाल्यावर अमेरिकेने १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये १९९९ पासून तसेच निर्बंध आले. बंदी योग्यच होती. पण पर्याय म्हणून आलेले पोलादी छर्रे कठीण असतात आणि जुन्या, पातळ भिंतीच्या, आवळ तोंडाच्या नळ्यांना इजा करतात. मालकांना वाटले, आता या बंदुका निकामी झाल्या, आणि त्यांनी त्या मिळेल त्या भावाने काढल्या. त्याच दशकात बिस्मथचे मऊ छर्रे बाजारात आले. जुन्या नळ्यांना ते चालतात. ज्यांनी थोडा दम धरला त्यांच्या बंदुका वाचल्या.

दुसरे निमित्त कायद्याचे. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर स्वयंचलित भरणीच्या आणि दांडा सरकवून भरायच्या छर्ऱ्याच्या बंदुकांवर कडक निर्बंध आले. सरकारने भरपाई देऊन सुमारे साडेसहा लाख शस्त्रे जमा केली आणि नष्ट केली. त्यांत मॉडेल १२ आणि ऑटो-५ मोठ्या संख्येने होत्या. सार्वजनिक सुरक्षिततेपुढे एका घराण्याची बंदूक ही मोठी किंमत नाही, यावर तिथल्या बहुसंख्य लोकांचे एकमत आहे. तरी या पस्ताव्याची जात निराळी आहे. विकलेली बंदूक जगात कुठेतरी असते. वितळवलेली नसते.

इंग्लंडमध्ये वाटणीने आणि विक्रीने आणखी एक नुकसान केले. मोठ्या शिकारीत पक्षी इतके येत, की एक बंदूक झाडताना मागचा मदतनीस दुसरी भरून देई. म्हणून बंदुका जोडीने बनवून घेत, एकाच झाडाच्या लाकडाच्या आणि एकाच वजनाच्या, वर सोन्याने १ आणि २ असे आकडे जडवलेल्या. पहिल्या महायुद्धानंतर वारसाकराने जमीनदार घराणी खचली, इस्टेटी फुटल्या, आणि दोन भावांत जोडीतली एकेक बंदूक वाटली गेली. २ आकड्याची एकटी बंदूक बाजारात आली की जाणकार ओळखतो, की तिची सोबतीण कुठेतरी आहे. जोडीची किंमत दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त असते. आयुष्यभर एक आकडा शोधत फिरणारे संग्राहक आहेत, आणि क्वचित एखाद्याला तो सापडतोही.

पस्ताव्याच्या मानसशास्त्राने या विषयाला थोडी मदत केली आहे. रिचर्ड थेलर, डॅनियल कानमन आणि जॅक नेच यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांच्या हाती मग आला त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत, न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. वस्तू आपली झाली की तिचे मोल वाढते. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी मांडले, की केलेल्या कृतीची रुखरुख सुरुवातीला तीव्र असते पण ओसरते, आणि न केलेल्या गोष्टींची रुखरुख म्हातारपणापर्यंत पुरते. बंदुकीची विक्री ही उघड उघड केलेली कृती आहे. तिची हळहळ तरीही ओसरत नाही, याचे कारण बहुधा हे, की दर हंगामात खांद्याला लागणारी दुसरी बंदूक तिची नव्याने आठवण करून देते.

पण मालक पैशाचा हिशेब पुढे करतो. पन्नास वर्षांपूर्वी इतक्याला दिली, आज इतके आले असते, असे तो सांगतो. यात फारसे तथ्य नसते. कारखान्यात बनलेल्या बहुतेक जुन्या बंदुकांचा भाव महागाईचा विचार करता फार चढलेला नाही. खरा हिशेब वेगळा आहे आणि तो २०१० साली अमेरिकेच्या मेन राज्यातील एकाच लिलावघरात झालेल्या दोन विक्रींतून स्पष्ट दिसतो. दोन्ही बंदुका फॉक्सच्या. एक थिओडोर रूझवेल्टची, त्याने १९०९ च्या आफ्रिकेच्या मोहिमेवर नेलेली. ती ८,६२,५०० डॉलरला गेली. दुसरी नॅश बकिंगहॅमची.

बकिंगहॅम (१८८०–१९७१) हा टेनेसीतील मेम्फिसचा, बदकांच्या शिकारीवर लिहिणारा लेखक. त्याच्यासाठी फिलाडेल्फियाच्या बर्ट बेकर या कारागिराने लांब पल्ल्याची जड फॉक्स तयार केली होती. तिच्या आवाजावरून एका मित्राने तिला ‘बो-हूप’ असे नाव दिले होते आणि बकिंगहॅमच्या कथांमुळे ते वाचकांच्या तोंडी झाले. १ डिसेंबर १९४८ रोजी आर्कन्सॉतील क्लॅरेंडनजवळ शिकारीहून परतताना वनरक्षकाने परवाने पाहण्यासाठी गाडी थांबवली. गप्पांच्या नादात बंदूक गाडीवर बाहेरच राहिली आणि गाडी निघाली. बराच शोध घेऊन, जाहिराती देऊनही ती सापडली नाही. बेकरने पुढे तशीच दुसरी बनवून दिली, पण वाचक विचारत राहिले ते पहिलीबद्दल. बकिंगहॅम वारल्यावर तीसेक वर्षांनी दक्षिण कॅरोलिनात मोडलेला दस्ता दुरुस्त करायला एक बंदूक आली. तिच्या नळ्यांवर बेकरचे आणि बकिंगहॅमचे नाव कोरलेले होते. मार्च २०१० मध्ये ती २,०१,२५० डॉलरला विकली गेली. घेणारा बकिंगहॅमच्या स्नेह्याचा मुलगा होता, आणि त्याने ती मेम्फिसच्या डक्स अनलिमिटेड या पाणपक्षी-संवर्धन संस्थेला देऊन टाकली.

त्याच प्रतीची, पण अनामिक मालकाची फॉक्स याच्या लहानशा भागाइतक्या किमतीत मिळते. म्हणजे बाजार चरित्राला पैसे देतो, पण फक्त प्रसिद्ध चरित्राला. सामान्य माणसाच्या बंदुकीलाही चरित्र असते : वडिलांनी पहिल्यांदा हातात दिलेला दिवस, दस्त्यावरचा कुंपणाच्या तारेचा ओरखडा, आता हयात नसलेला सोबती. विक्रीच्या क्षणी या सगळ्याची किंमत शून्य होते, आणि घेणारा तर ओरखड्यासाठी पैसे कापून घेतो. विकणाऱ्याला सलते ते हे, आणि म्हणून भाव कितीही चांगला आला तरी आपण ठकलो असे त्याला वाटत राहते.

भारतात या कथेला वेगळे वळण आहे. इंग्रजी बंदुका इथे कलकत्त्याच्या मँटन कंपनीसारख्या दुकानांतून आणि मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून येत; काळा घोड्याजवळची त्या नावाची इमारत अजून उभी आहे. संस्थानिक, इनामदार, वकील, वनाधिकारी यांच्याकडे बारा बोअरची दुनळी असे, आणि १९४७ मध्ये परतणाऱ्या साहेबांनी आपल्याकडच्या पुष्कळ इथेच विकल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार संपत गेली. ते आवश्यकच होते, पण त्यामुळे बंदुकीचे काम उरले नाही. कोकणात आणि गोव्यात रानडुकरे, माकडे यांपासून पीक राखण्याच्या परवान्यावर काही बंदुका राहिल्या. इतरत्र त्या कपाटात गेल्या आणि खंडेनवमीला पूजेपुरत्या बाहेर येऊ लागल्या. परवान्याचे नूतनीकरण, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करणे, पुन्हा सोडवून आणणे, हे पुण्या-मुंबईला किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना नकोसे होते. वडील गेले की बंदूक विक्रेत्याकडे जाते.

२०१९ च्या शस्त्र कायद्यातील सुधारणेने या ओघाला जोर आला. परवानाधारकाला जवळ ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. विधेयकाच्या मूळ मसुद्यात तर एकच होती. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू झाली आणि तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करणे किंवा विकणे भाग पडले. तीन बंदुका असलेल्या घराला त्यातली कोणती काढायची हे ठरवावे लागले, आणि बहुधा घरातली सगळ्यात जुनी, काडतूस न मिळणारी बंदूक निघाली. शेजारच्या कर्नाटकातील कोडगूत मात्र कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून खास सूट आहे. कैलपोळ्दच्या सणाला तिथे घरोघरी बंदुका पुजल्या जातात. सूट असल्याने बंदूक ठेवायला खर्च नाही, आणि म्हणून विकण्याचा प्रश्न तिथे क्वचितच येतो.

परत मिळवण्याची शक्यताही देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे जुन्या वह्या आहेत. नंबर कळवला की बंदूक कोणासाठी, कधी, कोणत्या मापाने बनली ते सांगतात. अमेरिकेत पार्करच्या नोंदींचा उतारा संग्राहकांच्या संघटनेकडून मिळतो. तिथे पन्नास वर्षांनी मुलाने वडिलांची बंदूक शोधून काढल्याची उदाहरणे नवलाची नाहीत. भारतात अशी बंदूक सापडली तरी घेणाऱ्याकडे परवाना हवा, परवान्यावर जागा हवी, आणि सध्याच्या मालकाची विकायची तयारी हवी. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे अवघड आहे.

म्हणून जुनी बंदूक काढण्याच्या विचारात असलेल्याने काही गोष्टी आधी कराव्यात. नळ्यांखालचा नंबर, चाचणीचे शिक्के आणि दस्त्याची मापे लिहून ठेवावीत. जुन्या नळ्यांत नवी, लांब किंवा जोरदार काडतुसे कधीही घालू नयेत आणि जाणत्या कारागिराकडून तपासल्याशिवाय ती बंदूक झाडू नये. दस्ता मापाचा नसेल तर बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावे परवाना होतो का, याची जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात चौकशी करावी. एवढे करूनही विकायचीच ठरली, तर पुढे कधी ती पुन्हा विकायला निघाल्यास आधी आपल्याला विचारावे, असे घेणाऱ्याकडून लिहून घ्यावे आणि तो कागद मुलांना दाखवून ठेवावा.